गोबऱ्याच्या कानातले दिवस

गोबरा माशाचं डोकं मागून उघडायचं. समोरून सुरा घातलात तर कानातले खडे चुरा होऊन बाहेर येतात, आणि मग आमची दुर्वा त्या चुऱ्याकडं अशी बघते की सुरा आपल्याच मानेवर घ्यावासा वाटतो. कल्ला वर उचलायचा, मानेच्या पहिल्या मणक्यापाशी एक आडवा घाव, बस. मेंदूखाली दोन खळगे दिसतात. चिमट्यानं हलकेच काढायचं. वालाच्या दाण्याएवढे, दुधी, कडेला बारीक दाते. एक डावा, एक उजवा.

हडवेल बंदरावरच्या मासळी केंद्रात हे काम मी सतरा वर्षं करतोय. शाळा चौथीपर्यंत. पण पुण्याहून, कोचीहून शिकलेली मंडळी येतात, पहिल्या दिवशी स्वतःचं बोट कापून घेतात आणि दुसऱ्या दिवशी म्हणतात, "उमाकांतदादा, तुम्हीच करा."

दुर्वा माझी पुतणी. माझा मोठा भाऊ रमाकांत, त्याची एकुलती एक. आता पंचवीस वर्षांची आहे, त्याच केंद्रात शास्त्रज्ञ, म्हंजे माझी साहेब. पण आठ वर्षांची होती तेव्हा शाळा सुटली की दप्तर टाकून माझ्या टेबलापाशी यायची. "काका, हा किती वर्षांचा?" मी खडा मधोमध कापून भिंगाखाली धरायचो आणि तिला वेढे मोजायला लावायचो. सागाच्या खोडात असतात ना, तसे वेढे. एक जाड, एक बारीक, म्हंजे एक वर्ष. या नादाला तिला मीच लावलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात मशीनचा काय दोष नाय.

मशीनचंही सांगतो. माशाचं हाड झिजतं, खवलं गळतात, नवी येतात. कानातला खडा मात्र एकदा बनला की अंगात परत विरघळत नाय. रोज त्याच्यावर चुन्याचा एक वेढा चढतो, केसाहून पन्नासपट बारीक. त्या दिवशी पाण्यात जे असेल त्याचा कण त्या वेढ्यात अडकून बसतो. पाणी गोडं झालं, कळतं. गार झालं, गढूळ झालं, कळतं. पूर्वी भिंगाखाली वर्षाचे वेढे दिसायचे, मासा केवढा वाढला ते कळायचं, खेळ संपला. दिवसाचे वेढे फार तर पिल्लू होतं तेव्हाचे. तीन वर्षांमागं हे मशीन आलं. ते उजेडाच्या सुईनं एकेक वेढा जाळत जातं आणि निघालेला धूर हुंगून सांगतं, अमक्या वर्षी अमक्या दिवशी हा मासा कसल्या पाण्यात होता. मी त्याला तलाठी म्हणतो. सगळ्यांचे जुने उतारे त्याच्यापाशी, आणि तोंड कायम आंबट.

तलाठ्याच्या वाचायच्या दोन तऱ्हा. जलद लावलं तर तासात होतं, पण महिनाच कळतो. सावकाश लावलं तर दोन दिवस लागतात, मग एकेक दिवस सुटा करून देतो. कसंही लावा, खडा जळून जातो. म्हणून उजवा आधी द्यायचा आणि डावा नंबर घालून डबीत ठेवायचा, ही पद्धत माझी.

त्या सकाळी मजीदभाई गोबरा घेऊन आला. बावीस किलोचा. जोगळीच्या खडपावर, पाण्याखालच्या खडकांत, गरीला लागलेला.

"डोकं तुझं, धड माझं," मजीद म्हणाला. "आणि जरा नीट काप. तोंड बघ त्याचं, आपल्या सरपंचासारखं आहे. सांभाळून घे, नायतर मला पाणीपट्टीची नोटीस यायची."

मी डोकं उघडलं, उजवा खडा दुर्वाला दिला, डावा डबीत टाकला आणि टेबल धुवायला घेतलं. तासाभरानं आतून हाक आली.

"काका."

पोरीचा आवाज मी ओळखतो. हात पुसायचेही राहिले.

"दुर्वांकुर," ती म्हणाली.

दुर्वांकुर म्हंजे आमची होडी. माझी आणि रमादादाची. दुर्वा जन्मली त्या वर्षी बांधली, म्हणून ते नाव. बंदरातली बॅटरीवर चालणारी पहिली होडी. तेव्हा त्या बॅटऱ्या नवीन होत्या आणि त्या बुडून समुद्रात विष सुटेल म्हणून लोक ओरडत होते. मग नियम आला. होडीच्या प्रत्येक बॅटरीत खुणेची एक डबी घालायची. दहा वाव, म्हंजे साठ फूट, खोल गेली की दाबानं फुटणार आणि आतली चिमूटभर दुर्मीळ माती पाण्यात सुटणार. प्रत्येक लॉटची माती वेगळी. कुठं सापडली तर कळावं, घाण कोणाची.

"त्या लॉटच्या सहा बॅटऱ्या होत्या," दुर्वा म्हणाली. "पाच कंपनीनं परत घेऊन वितळवल्या. सहावी बाबांची. ती खूण या माशाच्या कानात आहे. म्हणजे होडी जोगळीच्या खडपावर आहे, काका. गोबरा एकदा बीळ धरलं की हलत नाही, हे तूच मला शिकवलंस."

मी स्टुलावर बसलो.

"डावा खडा दे," ती म्हणाली. "हे मशीन आत्ता रिकामं करते, दुपारी सावकाश लावते. आता फक्त मेची अखेर नाहीतर जूनची सुरुवात एवढंच कळतंय. दिवस कळेल."

"दिवस माहीतच आहे की. वादळाचा."

"माहीत नाही, काका. आपण धरलाय."

ती आत गेली. डबी माझ्या हातात राहिली.

आता तुम्हाला ते सांगतो जे तोवर मी कोणाला सांगितलं नव्हतं.

दुर्वा सात वर्षांची असताना वादळ आलं, त्या दिवशी मी फाटलेलं जाळं शिवायला मागं राहिलो होतो. रमादादा एकटाच गेला. दुपारी वायरलेस सेटवर त्याची हाक आली. तो बोलायच्या आधी माईकचं बटण तीनदा दाबायचा. खट, खट, खट. मग म्हणायचा, "उम्या, ऐकतोस?" घरातही तसंच. दाराच्या चौकटीवर बोटाच्या गाठीनं तीन ठोके, मग आत. त्या दुपारी म्हणाला, "पंख्यात जाळं गुतलंय, सोडवून येतो." ते शेवटचं.

तीन दिवस शोधलं. सरकारी बोट आली, विमान येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी मला जाळ्यावर तरंगणारं बोयरं सापडलं, भगवं, आमच्या होडीचं नाव घातलेलं, आणि बर्फाच्या पेटीचं झाकण. मीच ओळखलं. मीच किनाऱ्यावर येऊन सांगितलं, "होडी गेली." वहिनीनं तीन दिवस पाण्याशिवाय काय घेतलं नव्हतं. जाणती मंडळी म्हणाली, उमाकांत, माणसाला अधांतरी ठेवू नये. आमच्याकडं शरीर मिळालं नाय तर दर्भाचा माणूस करतात. नारळाचं डोकं, दर्भाचे हातपाय, वर त्याचाच सदरा. पाचव्या दिवशी सकाळी मी त्याला अग्नी दिला.

आणि एकदा तो अग्नी दिला की गावचा दंडक आहे. कोणी शोधायला जायचं नाय. पाण्यावर त्याचं नाव घ्यायचं नाय. आणि पाण्यातून त्यानं हाक मारली तर ओ द्यायची नाय. ओ दिली तर तो मिळालेल्या जागेवरून उठतो, मग ना इथला ना तिथला. आणि ओ देणाऱ्यालाही घेऊन जातो. हे मी आईच्या मांडीवर ऐकलेलं.

सहाव्या दिवशी दुपारी मी धक्क्यावर, शोधायला घेतलेल्या मामाच्या होडीत एकटा होतो. बाकीच्या होड्या वर ओढल्या होत्या, सेट उतरवून घरी नेले होते. माझा तेवढा चालू होता, आम्हा दोघा भावांच्या ठरलेल्या चॅनलवर. का चालू ठेवला होता, विचारू नका.

खट. खट. खट.

मग गप्प. मग परत. खट, खट, खट. बोलणं नाय. श्वास नाय. चार वेळा आलं. माझ्या अंगावरचे केस असे उभे राहिले की सदरा टोचायला लागला. डोळ्यांसमोर तो जळता नारळ. मी हात पुढं केला आणि बटण डावीकडं फिरवलं. सेट बंद. तारा उपटल्या, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला, आणि परत कधी मासेमारीला गेलो नाय.

एवढी वर्षं मी एका गोष्टीवर तगलो. ते भूत होतं. होडी वादळातच बुडाली, दादा पहिल्याच दिवशी गेला, आणि सहाव्या दिवशी जे वाजलं ते मेलेल्याचं वाजलं.

आता तो खडा माझ्या तळहातावर होता. वालाच्या दाण्याएवढा. टेबलावर ठेवून सुऱ्याच्या मुठीनं एक ठोका दिला असता तर पीठ. "निसटला गो हातातून," म्हटलं असतं. पोरगी रडली असती, आठ दिवसांनी विसरली असती. एवढं सोपं होतं.

मी ठोका दिला नाय. चांगुलपणा म्हणून नाय हां. मलाच बघायचं होतं. भूत खरं निघावं म्हणून देवाला हात जोडणारा माणूस तुम्ही बघितलात का? मी जोडले. आणि खडा दुर्वाच्या हातात ठेवला.

दोन दिवस तलाठी घुं घुं करत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी स्वतः डबा घेऊन केंद्रावर आली. एरवी पाठवते. डबा टेबलावर ठेवला, माशाच्या डोक्यांकडं बघून नाकाला पदर लावला.

"भावजी, ती म्हणते दिवस सापडेल. सापडून काय व्हायचं?"

"तिथी पक्की होईल, वहिनी."

"पक्कीच आहे ना? तुम्हीच तर धरलीत."

मी डबा उघडला. तिसऱ्या घासाला उठून हात धुतला. "बोंबील कच्चे राहिले काय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाय, पोट बरं नाय.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता दुर्वानं मला आत बोलावलं. पडद्यावर रेघा होत्या. एक रेघ काळपट, जाड.

"हे वादळ," तिनं बोट ठेवलं. "तळ ढवळला, गाळ उठला, पाणी गार. त्या वर्षीच्या प्रत्येक माशात ही रेघ आहे. इथून मोज."

लहान असताना मी तिला मोजायला लावायचो. आता तिनं मला लावलं. एक. दोन. तीन. चार. पाचव्यावर माझं बोट थांबलं, त्या दिवशी मी आग लावली होती. सहावा वेढा बाकीच्यांसारखाच होता. स्वच्छ. पाण्यात काय नाय. सातवा स्वच्छ. आठवा स्वच्छ. नवव्यावर एक उभी सुई वर गेली होती, पडद्याच्या टोकापर्यंत.

"नवव्या दिवशी डबी फुटली," दुर्वा म्हणाली. "नऊ दिवस होडी तरंगत होती."

भूत नव्हतं.

मी परत पहिल्या रेघेपासून मोजलं. तिला वाटलं मला समजलं नाय. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"काका, मी रात्रभर विचार केलाय, ऐक. होडी नऊ दिवस वर होती, बॅटरी कोरडी होती, म्हणजे सेट चालू होऊ शकत होता. बाबा होडीत असते तर त्यांनी हाक मारली असती. हो की नाही? आणि कोणालाच काही ऐकू आलं नाही. म्हणजे ते होडीत नव्हतेच. जाळं सोडवताना पडले, पहिल्याच दिवशी. पटकन गेले. होडी नुसती रिकामी फिरत होती." तिचे डोळे भरले होते, पण चेहरा हलका झाला होता. "आईला मी हेच सांगणार आहे. बरं वाटेल तिला. नाही?"

अख्ख्या जगात ती हाक ऐकलेला एकच माणूस होता. तो गप्प राहिला असता तर त्या दोघी सुखानं झोपल्या असत्या. मी तोंड उघडलं ते 'होय' म्हणायलाच. देवाशप्पथ, 'होय'च म्हणणार होतो. पण तिचा हात माझ्या हातावर होता, दादाच्या हातासारखा, बोटांच्या गाठी जाड. आणि माझा दुसरा हात स्टीलच्या टेबलावर होता. तो आपला आपणच उठला.

खट. खट. खट.

दुर्वानं हात काढून घेतला.

"हे बाबांचं," ती म्हणाली. "दारावरचं. आई करून दाखवते."

"सेटवर पण तसंच करायचा. बोलायच्या आधी."

"मग?"

"माईक मोडला असेल. बोलता येत नसेल. बटण तेवढं दाबत होता."

"कधी, काका?"

"सहाव्या दिवशी. चार वेळा."

तिनं खुर्ची मागं सरकवली. मग हळू विचारलं, "तू काय केलंस?"

"सेट बंद केला."

"का?"

"दुर्वा, आदल्या दिवशी मी त्याला जाळलं होतं गो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पडद्याकडं बघितलं. सहाव्या रेघेवर बोट ठेवलं आणि नवव्यापर्यंत सरकवत नेलं. सहा, सात, आठ, नऊ. मग हातमोजे काढून टोपलीत टाकले आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती मला 'तुम्ही' म्हणायला लागली. "ही डोकी धुऊन ठेवा." "नंबर नीट घाला." बाकीचे लोक बघायचे. मी मान खाली घालून सुरा चालवायचो. तीन खडे फोडले त्या आठवड्यात. सतरा वर्षांत फोडले नव्हते तेवढे. तिनं चुरा झाडून टाकला आणि पुढचा नंबर मागितला.

वहिनीला मी स्वतः जाऊन सांगितलं. हे काम पोरीवर टाकणार नव्हतो. सकाळी पडवीत ती सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, बोयऱ्यापासून बटणापर्यंत. तिचे हात थांबले नाय. चांगला सोडा सुपात, तुटका ताटलीत.

"सहाव्या दिवशी काय होतं, आठवतं भावजी?"

"नाय."

"तुम्हीच सकाळी येऊन म्हणालात, वहिनी, विधी झाला, आता दोन घास खा. मी पेज प्यायले. दोन वाट्या. वर लोणच्याची फोड मागून घेतली." एक सोडा तिनं उलटसुलट करून बघितला. "मला लाज वाटली होती, एवढी भूक लागली म्हणून. आणि तो तिथं बटण दाबत होता."

"वहिनी, तुम्हाला कुठं माहीत होतं..."

"तुम्हाला माहीत होतं." तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "तुम्हाला कळलं होतं तो आहे. म्हणून तर घाबरलात. वारा वाजतोय असं वाटलं असतं तर घाबरला असता काय?"

मी ताटलीतले तुटके सोडे मोजत बसलो.

सूप भरलं तेव्हा ती म्हणाली, "आता तिथी कुठली धरायची?"

"नववा दिवस."

"तो होडी बुडाल्याचा. माणूस आधीच गेला असेल. तहानेनं. सहा ते नऊ, मधला कुठला दिवस?"

"ते खड्यात नाय, वहिनी."

"मग चारही धरायचे," ती म्हणाली. "चार दिवस मी चूल पेटवणार नाय. तुम्हीही नाय. आणि नवव्या दिवशी मला ती जागा दाखवायची."

आमच्या गावात बाईमाणूस होडीत पाय ठेवत नाय. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "तुमचे दंडक ऐकूनच इथवर आलोय ना?"

ते चार दिवस आले. आम्ही तिघंही नुसतं पाणी पिऊन राहिलो, आपापल्या घरी. चौथ्या दिवशी धक्क्यावर बोटांना दोर सुटेना. तेव्हा मला पहिल्यांदा अंदाज आला, बटण दाबायलासुद्धा किती ताकद लागली असेल त्याला.

सेट मी माळ्यावरून काढला होता. गोणपाट उंदरांनी खाल्लेलं, सेट धड होता. केंद्रातल्या मुलाकडून नवीन तारा घालून घेतल्या. होडी मजीदभाईची. सकाळचं ऊन होतं, पाणी तेलासारखं सपाट. धक्क्यावर गावची मंडळी उभी होती, तोंडं घट्ट मिटून. वहिनीनं पातळ वर खोचलं आणि होडीत पाय टाकला. मजीदनं तेवढं म्हटलं, "वहिनी, पुढची फळी ओली आहे, सांभाळून." दुर्वा शेवटी चढली आणि माझ्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला जाऊन बसली.

जोगळीच्या खडपावर मी मोटर बंद केली. खाली वीस वाव पाणी. तिथं आमची होडी, तिच्या पोटात कुठला तरी गोबरा, आणि त्याच्या कानात रोज एक वेढा. आज आम्ही आलो तेही कुठंतरी चढत असेल.

वहिनीनं नारळ आणला नव्हता, फुलं आणली नव्हती. ती पाण्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.

"ते कुठं दाबायचं?"

मी सेट चालू केला, आमच्या जुन्या चॅनलवर आणला, माईक तिच्या हातात दिला आणि बटण दाखवलं. तिनं अंगठा ठेवला. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाय.

खट. खट. खट.

बटण सोडलं. सेट खरखरला, नुसती खरखर. होडी हलत होती. माझा हात सेटच्या बटणाकडं निघाला होता, त्या दुपारसारखाच, मला कळायच्या आधी. दुर्वा बघत होती. माझ्या हाताकडं बघत होती.

"काका," ती म्हणाली, "आवाज वाढव. नीट ऐकू येत नाही."

मी बटण उजवीकडं फिरवलं.